तेवढा भाग पुढे पळवला



मे महिन्याची सुट्टी लागली की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, मुलांना दाखवायला चांगले कार्टून सिनेमे सांगा ना. घरातल्या सगळ्यांनी मिळून बघता येतील असे." अशी यादी द्यायला मला आवडते, कारण आमच्या घरी हे सिनेमे मुलांइतकेच मीही आवडीने पाहिलेत. पण यावेळी यादीच्या आधी माझी एक चूक सांगते.

आमची धाकटी तेव्हा सहा वर्षांची होती. तिच्या दादाने पेनड्राइव्हवर 'द लायन किंग' आणला होता, १९९४ चा, हाताने काढलेल्या चित्रांचा. सिनेमा इंग्रजीत, त्यामुळे मी शेजारी बसून तिला मराठीत सांगायची. छोटा सिंबा, त्याचे बाबा मुफासा, कपटी काका स्कार. सगळं छान चाललं होतं. मग ती दरी आली. जनावरांचा लोंढा सिंबाच्या दिशेने धावत सुटतो, मुफासा त्याला वाचवतो आणि स्वतः मरतो. मला ते माहीत होतं. मी रिमोट उचलला आणि तेवढा भाग पुढे पळवला. पडद्यावर एकदम सिंबा वाळवंटात दिसला. "त्याचे बाबा?" "येतील मागून," मी म्हटलं.

पुढच्या आठवड्यात 'फाइंडिंग निमो' लावला. हा २००३ चा, पिक्सारचा. यात तर पहिल्या पाच मिनिटांतच संकट. मार्लिन आणि कोरल हे माशांचं जोडपं, त्यांची शेकडो अंडी, नवं घर. एक मोठा मासा येतो आणि कोरलसकट सगळं संपवून जातो. एकच अंडं उरतं, तोच निमो. मी ती पाच मिनिटं गाळून थेट निमोच्या शाळेच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली.

"निमोची आई कुठंय?"

"बाजारात गेलीय."

सिनेमा संपला, शेवटची नावं वर सरकायला लागली, तरी ही उठेना. "अजून नाही आली बाजारातून?" आम्ही सगळे खूप हसलो. मी तो किस्सा बहिणीला फोन करून सांगितला, नणंदेला सांगितला. पोरगी दीड तास आईची वाट बघत बसली होती, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझे सासरे, अण्णा, आजारी पडले. धाकटीचा आणि त्यांचा रोजचा नेम होता. संध्याकाळी दोघं बस्तीत दर्शनाला जायची. काठीचं एक टोक अण्णांच्या हातात, दुसरं हिच्या. काठीचा मूळचा उपयोग त्यात काहीच उरत नसे, पण अण्णांना तसंच चालायला आवडायचं.

दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा आम्हाला सगळ्यांना कळून चुकलं होतं. मी दोन्ही मुलांना माझ्या माहेरी पाठवून दिलं. लहान जीव, कशाला बघायचं त्यांनी? सुतक फिटल्यावर ती परत आली. मोठ्याला त्याच्या बाबांनी बाजूला घेऊन सांगितलं. धाकटी सरळ अण्णांच्या खोलीत गेली आणि बाहेर येऊन मला विचारलं, "अण्णा कुठे गेले?"

"यात्रेला गेलेत."

"शिखरजीला?"

"हो. शिखरजीला."

शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या.

शिखरजीला गेलेली माणसं पंधरा दिवसांत परत येतात, हे आमच्या घरातल्या पोरांना पक्कं ठाऊक असतं. येताना प्रसाद आणतात, पहाड कसा चढलो ते सांगतात. धाकटीने अण्णांची काठी खोलीतून आणून दाराशी उभी करून ठेवली. म्हातारा माणूस काठी विसरून गेलाय, आल्या आल्या लागेल म्हणून. दारात रिक्षा थांबली की ती डोकावून यायची. महिना गेला, दुसराही गेला. तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं, विसरली. लहान मुलं पटकन विसरतात असं आपण म्हणतो ना, तसं.

जानेवारीत ती दोन दिवस नणंदेकडे राहायला गेली होती. परत आली तेव्हा मी तांदूळ निवडत बसले होते. ही ताटासमोर येऊन बसली.

"आई, निमोची आई बाजारात नव्हती गेली."

मी मान वर केली नाही.

"तिला मोठ्या माशाने खाल्लं. आत्याकडे आम्ही पहिल्यापासून बघितला." थोडा वेळ ती तांदळात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अण्णा पण शिखरजीला नाही गेले ना?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. सासूबाईंनी तिला हाक मारली, "ये इकडे," आणि मांडीवर घेतलं. सगळं सांगितलं. अण्णांचं शरीर थकलं होतं, श्वास हळूहळू कमी होत गेला, आम्ही सगळे भोवती बसून णमोकार म्हणत होतो, पहाटे ते गेले. अगदी साध्या शब्दांत, आवाज न चढवता. ती ऐकत होती. मधे मधे विचारत होती. त्यांना दुखत होतं का? डोळे उघडे होते का? मग रडली, सासूबाईही रडल्या, आणि मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मला का नाही बोलावलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज ती चौदा वर्षांची आहे, आजही नाही.

त्या रात्री मला एक गोष्ट फार लागली. आमच्या घरात सासूबाई रोज संध्याकाळी बारा भावना म्हणतात. त्यातली पहिलीच अनित्य भावना. आलेलं सगळं जाणारं आहे, हे या पोरीने पाळण्यात असल्यापासून रोज ऐकलेलं. आणि जेव्हा खरोखर कुणी गेलं, तेव्हा आईनेच तिला यात्रेची थाप मारली. जे देवघरात म्हणायचं, ते ओसरीवर लपवायचं, असा माझा कारभार.

काही दिवसांनी तिने स्वतःहून सांगितलं, "सिंबाचा तो पळवलेला भाग दाखव." मी लावला. ती आजीला टेकून बसली. लोंढा आला, गेला. धूळ बसली. सिंबा बाबांना हलवून उठवायला बघतो, ते उठत नाहीत, तेव्हा त्यांच्या पंजाखाली शिरून त्यांना बिलगून पडतो. तिने आजीचा पदर घट्ट धरला होता. रडली थोडी. मग नाक पुसून पुढचा सिनेमा बघायला लागली.

आणि खरा गोंधळ त्यानंतर झाला! टिमॉन आणि पुम्बा सिंबाला किडे खायला शिकवतात ना, तिथे आमची धाकटी ताडकन उठली. "शी! जिवंत किडे?" रात्री तिच्या बाबांना तिने तक्रार केली की सिंहाने किडे खाल्ले आणि कुणी त्याला अडवलंही नाही. ज्या प्रसंगाची मी धास्ती घेतली होती, तो तिने पचवला. किडे मात्र तिला आजतागायत पचलेले नाहीत.

तेव्हापासून मी हे सिनेमे वेगळ्या नजरेने बघायला लागले. लोकांना ते इतके का आवडतात? गाणी, रंग, विनोद तर आहेतच. पण तुम्हीच आठवून बघा. १९४२ च्या 'बॅम्बी'मध्ये हरणाच्या पाडसाची आई शिकाऱ्याच्या गोळीने मरते. शिकारी पडद्यावर दिसतही नाही, फक्त आवाज येतो आणि पाडस बर्फात आईला हाका मारत फिरतं. आपल्यासारख्या अहिंसा मानणाऱ्या घरात तर तो प्रसंग काळीज चिरून जातो. 'लायन किंग'मध्ये बाबा जातात, 'निमो'त आई. पूर्वी मला वाटायचं, मुलांच्या सिनेमात हे कशाला? आता वाटतं, मुलांच्या मनात हे प्रश्न असतातच. आई गेली तर माझं काय होईल, हे प्रत्येक पोर कधी ना कधी अंधारात पडून स्वतःला विचारतं. सिनेमा तो प्रश्न उघड मांडतो, तेही आईच्या कुशीत बसून बघता येईल असा. मरतो तो मासा असतो, सिंह असतो, त्यामुळे थोडं लांबून बघता येतं. आणि दुःख सहसा आधीच येऊन जातं. पुढे सगळा सिनेमा उरलेला असतो. मित्र मिळतात, गंमत होते, घर सापडतं. मुलाला कळतं की गोष्ट तिथे थांबली नाही.

मोठ्यांचंही यात काही असतं. 'निमो'चे दिग्दर्शक अँड्र्यू स्टँटन यांनी सांगितलंय की एकदा ते आपल्या लहान मुलाला बागेत फिरायला घेऊन गेले होते, आणि सारा वेळ "याला हात लावू नको, तिकडे जाऊ नको" एवढंच करत राहिले. मुलाबरोबर घालवायचा वेळ भीतीतच गेला. त्यातून मार्लिन हा घाबरट बाप सुचला. सिनेमात मार्लिन म्हणतो, मी निमोला काहीही होऊ देणार नाही असं वचन दिलं होतं. त्यावर विसराळू डोरी भोळेपणाने म्हणते की मग त्याच्या आयुष्यात कधी काही घडणारच नाही. पोरं तिथे हसतात. मला मात्र हातातला रिमोट आठवतो.

२०१५ चा 'इनसाइड आउट' मी मुद्दाम सगळ्या आयांना सांगते. अकरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यातल्या आनंद, दुःख, राग, भीती अशा भावना हीच त्यातली पात्रं. त्यात एक हत्तीसारखा दिसणारा जुना सवंगडी आहे, बिंग बाँग. त्याची आवडती गाडी कायमची जाते तेव्हा आनंद त्याला गुदगुल्या करते, वेडेवाकडे चाळे करते. त्याचा काही उपयोग होत नाही. मग दुःख नुसती त्याच्या शेजारी जाऊन बसते, ऐकून घेते. तो रडतो आणि उठून चालायला लागतो. सासूबाईंनी त्या दिवशी धाकटीला मांडीवर घेऊन हेच केलं होतं, कुठलाही सिनेमा न बघता.

आणि जपानचा 'माय नेबर टोटोरो', १९८८ चा, हायाओ मियाझाकी यांचा. यात मारामारी नाही, दुष्ट माणूसच नाही. दोन बहिणी, प्राध्यापक बाबा, खेड्यातलं जुनं घर आणि झाडात राहणारा मोठा, मऊ टोटोरो. आई दवाखान्यात आहे. मोठी माणसं म्हणतात, साधी सर्दी आहे. पण थोरल्या बहिणीला आठवतं की मागच्या वेळीही असंच थोड्या दिवसांचं सांगितलं होतं, आणि ती रडायला लागते. ते ऐकून धाकटी चार वर्षांची मेई हातात मक्याचं कणीस घेऊन एकटीच आईकडे निघते, ते खाऊन आई बरी होईल म्हणून. मियाझाकींची स्वतःची आई त्यांच्या लहानपणी कित्येक वर्षं क्षयाने आजारी होती. आपण लपवतो तेव्हा मुलांना काय कळत असतं, ते त्यांना पक्कं ठाऊक असणार. ते कणीस पाहिलं की मला दाराशी ठेवलेली काठी दिसते.

मैत्रिणींनो, म्हणून यादीबरोबर एवढंच सांगते. मुलांना टीव्हीसमोर बसवून स्वयंपाकघरात जाऊ नका, शेजारी बसा. तीन-चार वर्षांचं पोर असेल तर 'बॅम्बी'ला अजून वेळ आहे, खुशाल थांबा. "हा सिनेमा तू थोडी मोठी झालीस की बघू" असं सांगणं वेगळं आणि आई बाजारात गेलीय म्हणणं वेगळं. पोर रडलं तर लगेच चॉकलेट पुढे करू नका. आणि प्रश्न विचारला तर खरं उत्तर द्या, छोटं द्या, पण खरं द्या.

काठी अजून आमच्या दाराशीच आहे. आता ती सासूबाई वापरतात. २००९ चा 'अप' हा सिनेमा त्यांच्या फार आवडीचा, त्या त्याला 'फुगेवाल्या आजोबांचा' म्हणतात. सुरुवातीलाच कार्ल आणि एलीचा सगळा संसार काही मिनिटांत दाखवलाय. लग्न, घर, मूल नसल्याचं दुःख, सहलीसाठी बरणीत साठवलेले आणि दर वेळी दुसऱ्याच खर्चात गेलेले पैसे, म्हातारपण, आणि मग एली जाते. तिथे कुणी बोलतच नाही, त्यामुळे सासूबाईंना मराठीत काही समजावून सांगावं लागत नाही. परवा तो भाग संपल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि धाकटीला म्हणाल्या, "पुन्हा एकदा लाव गं."

धाकटीने खिडकीतून ऊन बघितलं. "आजी, सूर्यास्ताला अर्धा तासच आहे. आधी जेवून घ्या, मग लावते."