तुझं काय गेलं?

प्राथमिक शाळेच्या मास्तराला न्यायाधीशाचे काम फुकटात करावे लागते. "गुरुजी, ह्यानं त्याला चिमटा काढला," "गुरुजी, तिनं हिची पेन्सिल लपवली," अशा वीस-पंचवीस फिर्यादी माझ्या टेबलाशी रोज दाखल होतात. त्यांवर मी एक रामबाण उपाय शोधून काढला होता. फिर्यादीकडे चष्म्यावरून पाहायचे आणि शांतपणे विचारायचे, "पण तुझं काय गेलं?" निम्मे खटले तिथेच निकालात निघत.

हा शोध माझाच, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. परंतु अमेरिकेत कायदा शिकणारा माझा भाचा यंदा गणपतीला आला आणि हसत म्हणाला, "मामा, आमच्याकडे संघराज्याच्या न्यायालयात पाऊल टाकलं, की पहिला प्रश्न हाच!"

माझे कायद्याचे ज्ञान नागरिकशास्त्राच्या पुस्तकापुरते. म्हणून त्याने मोदक खाता खाता मला समजावून दिले. तिथल्या राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे ही न्यायालये फक्त खऱ्याखुऱ्या तंट्यांचा निवाडा करतात. दावा लावणाऱ्याची स्वतःची हानी झालेली किंवा होऊ घातलेली हवी, ती प्रतिवादीमुळे हवी आणि निकालाने ती भरून निघण्याजोगी हवी. यातले एक जरी नसले, तरी दावा दारातूनच परत. मग खरे कोण आणि खोटे कोण, हे कोणी पाहतसुद्धा नाही!

१९९२ सालचा एक खटला त्याने सांगितला. अमेरिकेच्या पैशाचा हातभार लागलेल्या परदेशी प्रकल्पांमुळे तिथले दुर्मीळ प्राणी धोक्यात येतात, तेव्हा सरकारने आधी तज्ज्ञ खात्याचा सल्ला घ्यावा, अशी वन्यप्राण्यांसाठी झटणाऱ्या एका संस्थेची मागणी होती. संस्थेच्या दोन बायका साक्षीला होत्या. एक इजिप्तला जाऊन नाईलच्या मगरींचा मुलूख पाहून आलेली, दुसरी श्रीलंकेत महावेली प्रकल्पाच्या जागी हत्ती-बिबट्यांचे रान पाहून आलेली. पुन्हा जाणार असे दोघीही म्हणत होत्या. पण कधी? श्रीलंकेत तर यादवी चाललेली! 'केव्हातरी जाऊ' एवढ्याने हानी सिद्ध होत नाही, असे न्यायमूर्ती स्कालियांनी लिहिले आणि दावा गेला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांना हे पटले नाही. विमानाचे तिकीट काढायला त्या बायकांना कोण अडवणार होते, असा त्यांचा सवाल होता.

"म्हणजे मगरीचं भवितव्य बाईच्या तिकिटावर?" मी विचारले.

"मामा, कोर्टानं साऱ्या जगाचा कारभार पाहायचा नसतो. त्यासाठी लोकांनी माणसं निवडून दिलेली असतात."

रोजच्या पंचवीस फिर्यादींच्या धन्याला हे पटायला वेळ लागला नाही. शिवाय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली हेच दार बरेच रुंद केले, ज्याला स्वतः कोर्टात येणे जमत नाही त्याच्यासाठी दुसऱ्याला दाद मागता येते, असेही भाच्यानेच सांगितले. मी मान डोलावली. पण रात्री झोप येईना.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक बोबडा, अडखळत बोलणारा मुलगा होता. एक दिवस त्याच्या शेजारची मुलगी टेबलाशी आली. "गुरुजी, मोठ्या वर्गातली मुलं त्याला टाकीमागं नेतात. रोज."

मी वह्या तपासत होतो. "तुला नेलं का?"

"नाही."

"मग तुझं काय गेलं?"

तिने खरोखरच विचार केला. "माझं काही नाही गेलं, गुरुजी," म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. महिन्याभराने त्याचे वडील दाखला न्यायला आले, तेव्हा सारे कळले. मुलगा दाराबाहेर उभा होता. आत काही केल्या आला नाही.

परवा सहामाही परीक्षा चालू असताना एक पोरगा धापा टाकीत आला. "गुरुजी, शिपाईमामा खिडकीवरचं कबुतराचं घरटं काढताहेत. आत अंडी आहेत."

सवयीने प्रश्न ओठांवर आलाच होता. मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्या मागोमाग निघालो.