चाकांवरचं बिऱ्हाड

मुलांनो, ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण तुम्हांला पाठ असेलच. अमेरिकेत मी बिऱ्हाड चाकांवर पाहिलं. त्याला म्हणतात मोटरहोम! बाहेरून बस, आणि आत शिरलात की ओटा, शेगडी, पलंग, न्हाणीघर, संडाससुद्धा! माझी ताई डेन्व्हर शहरात राहते. ताई, भावोजी आणि सातवीतला भाचा यांच्याबरोबर मी सप्टेंबरात अशा गाडीतून यलोस्टोनला गेले. हे राष्ट्रीय उद्यान १८७२ साली स्थापन झालं.

यलोस्टोनमध्ये जमिनीतूनच उकळतं पाणी उसळतं. ‘ओल्ड फेथफुल’ नावाचं कारंजं साधारण दीड तासाने ३० मीटरहून उंच उडतं. मग तिथे आंघोळीच्या पाण्याची काय चिंता, असं तुम्ही म्हणाल. छे! त्या कुंडांत बोटसुद्धा बुडवायला बंदी आहे. त्यांत पडून भाजल्याने आजवर माणसं दगावली आहेत. आमची आंघोळ होती गाडीतल्या बंबावर.

आमचा मुक्काम ‘फिशिंग ब्रिज’ या तळावर होता. उंची सुमारे २४०० मीटर. (आपलं कळसूबाई १६४६ मीटर!) इथे अस्वलं फिरतात, म्हणून तंबूंना मनाई, भक्कम भिंतींच्या गाड्यांनाच जागा मिळते.

गाडी थांबली की भावोजींचं काम सुरू. आधी ती अगदी समपातळीत उभी करायची. का, माहीत आहे? तिच्यातला फ्रिज गॅसच्या ज्योतीवर चालतो. हो, आग लावून थंडी! गाडी कलती राहिली तर फ्रिजमधला द्रव नीट फिरत नाही आणि फ्रिज बिघडतो. मग विजेची तार जोडायची, पाण्याची नळी जोडायची. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची, एक संडासाची. रिकामी करताना संडासाची टाकी आधी उघडायची आणि मोरीची नंतर, म्हणजे मागून येणाऱ्या सांडपाण्याने नळी धुऊन निघते. हे काम भाच्याकडे होतं. हातमोजे घालून, नाक मुरडत, पण करायचा बरं का! जमिनीलगत एक छोटी पेटी होती, गॅस गळला तर ती ओरडते. आपल्या सिलिंडरमधला गॅसही हवेपेक्षा जड असतो, तो खालीच साठतो. म्हणून ती पेटी खाली.

आता बंब. टाकी जेमतेम २३ लिटरची, म्हणजे दीड बादली. एकाने रेंगाळत आंघोळ केली की दुसरा गारठलाच! पहिल्या सकाळी भाच्याने बटणाकडे हात नेला, तर भावोजी ओरडले, “थांब! आधी गरम नळ सोड. धार नीट आली तरच बटण.” टाकी रिकामी असताना बटण दाबलं तर आतली विजेची कॉइल क्षणात जळते. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी त्यांची जळकी कॉइल आम्हांला दाखवली, काळी आणि फुटलेली. टाकीला एक पितळी झडपही असते. आतला दाब फार वाढला तर ती आपोआप उघडते. पाणी तापून फुगलं की तिच्यातून दोन-चार थेंब गळतात, तेवढ्याने घाबरायचं नाही. पण गळतं म्हणून तिला बूच मारायचं नाही, कधीच नाही! दाबाला वाट मिळाली नाही तर टाकी फुटेल.

परतीच्या आधी आम्ही ‘मॅमथ हॉट स्प्रिंग्ज’ पाहिले. गरम पाणी भूगर्भातला चुनखडक विरघळवून वर आणतं आणि बाहेर येताच तो मागे टाकतं. त्याच्या पांढऱ्याशुभ्र पायऱ्या झाल्या आहेत, बर्फाच्या वाटाव्यात अशा.

डेन्व्हरला आल्यावर बंब रिकामा करायचा होता. गॅस बंद, वीज बंद, पाणी बंद. पाणी पुरतं निवेपर्यंत वाट पाहिली. मग गरम नळ उघडून दाब सोडला, आणि शेवटी पान्याने टाकीचं बूच फिरवलं. (गरम असताना ते उघडलं तर उकळत्या पाण्याची पिचकारी थेट अंगावर!) पाण्याबरोबर पांढऱ्या कपच्या भसाभस बाहेर आल्या. “मावशी, हे तर मॅमथ!” भाचा म्हणाला. अगदी बरोबर. पाण्यातला तोच चुना, इथे टाकीच्या तळाशी बसलेला!

बुचाला मॅग्नेशियमची एक लांब कांडी होती. नवी असताना अंगठ्याएवढी जाड, आता किडक्या काडीसारखी. पाणी लोखंडाऐवजी आधी तिलाच खातं, म्हणून टाकी वाचते. फार झिजली की कांडी बदलायची, एवढाच खर्च.

शेवटचं काम थंडीचं. पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळ्या तडकतात. म्हणून सगळ्या नळ्यांत न गोठणारा गुलाबी द्रव भरतात. तो मोटारीच्या इंजिनातला विषारी द्रव नव्हे. हा पाण्याच्या नळ्यांसाठी वेगळा मिळतो. बंबाची वाट आधी वळवून बंद करायची, नाहीतर २३ लिटर द्रव त्यातच जिरेल. मग पंप सुरू. भाचा एकेका नळापाशी उभा राही. धार गुलाबी झाली की ओरडे, “आला!” आणि नळ बंद करून पुढच्याकडे पळे. ओट्याचा गार, ओट्याचा गरम, न्हाणीचे दोन, आणि सगळ्यांत शेवटी संडासाचा.