नावाचा लिलाव

बदली झालेल्या गृहस्थाने सामान हलविणाऱ्या नामांकित पेढीचे नाव गूगलवर शोधावे, आणि उत्तराच्या शिरोभागी भलत्याच पेढीची जाहिरात झळकावी, हा प्रकार आता नवा नाही. दुसऱ्याच्या नावाशी आपली जाहिरात जोडण्याची संधी तेथे लिलावात मिळते. मग खुद्द नावाच्या धन्यासही आपल्याच नावावर बोली लावणे भाग पडते!

‘अगरवाल पॅकर्स अँड मूव्हर्स’ या नावासंबंधीचा असाच वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. १० ऑगस्ट २०२३ च्या निकालात न्यायालय म्हणाले की, गूगल येथे निव्वळ निरोप्या नसून सक्रिय सहभागी आहे. तथापि परक्या नावावर बोली लावणे एवढ्यानेच हक्कभंग होत नाही, ग्राहकाची दिशाभूल झाल्यास होतो.

हा विवेक आम्हांस योग्य वाटतो. शेजारी दुकान मांडणे हा कोणाचाही हक्क होय. शेजाऱ्याच्या नावाने गिऱ्हाईक ओढणे ही मात्र फसवणूक. परंतु दिशाभूल सिद्ध करण्याचा भार नाव कमावणाऱ्यावरच पडतो, आणि बोलीचा पैसा तिसऱ्याच्या पदरात पडतो. ज्याला हा लाभ, त्यानेच जाहिरातदार पारखून घ्यावा, ही अपेक्षा आम्हांस अवाजवी वाटत नाही.