उंबऱ्याबाहेरची कढई

घरातील भांड्यांचीही एक उतरंड असते. देवघरातले तांब्याचे पंचपात्र, दुभत्याच्या कपाटातली पितळी चरवी, पुरणाचे पातेले, भाताची तपेली, रोजच्या भाजीची कढई आणि सर्वांत शेवटी, जिचे नाव घेताना वडीलधाऱ्या स्त्रिया किंचित आवाज उतरवीत, ती अंड्यांची कढई, ही मांडणी कोणी कागदावर न लिहिताही पिढ्यान्‌पिढ्या काटेकोरपणे पाळली जात असे. फोडणी, मसाला, रस्सा आणि अंडी असे सर्व काही एकाच कढईत करून उतरविण्याच्या पाककृतीची आजकाल वेळ, इंधन आणि घासणाऱ्याचे श्रम वाचतात म्हणून मोठी वाखाणणी होते. पण आमच्या घरी ती एकाच भांड्यात होई याला कारण एवढेच की, तिच्यासाठी दुसरे भांडे मिळण्याचा संभवच नव्हता.

हे घर सोलापुरातल्या नव्या पेठेत होते. १८६० साली मुंबईहून निघालेली रेल्वे सोलापुरास पोहोचली, १८७७ मध्ये ज्या गिरणीला पुढे सारे गाव 'जुनी गिरणी' म्हणू लागले ती सुरू झाली, आणि सूत, माग, चादरी, लुगडी यांच्या आधाराने जे शहर वाढत गेले, त्या शहराची उलाढाल पाहावयाची तर संध्याकाळी नव्या पेठेत यावे. पुढे दुकानांची रांग, फळ्यांवर रचलेले तागे, गज हातात घेऊन गिऱ्हाइकाशी घासाघीस करणारे गुमास्ते. आणि मागे, अरुंद बोळातून आत शिरल्यावर, बाहेरच्या कोलाहलाशी काही देणेघेणे नसल्यासारखी उभी असलेली चौकाची घरे. वैशाखात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांपर्यंत चढला की दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उशिरापर्यंत धग सोडीत राहत, आणि माणसे अंथरुणे घेऊन गच्चीवर जात. आमच्या मागच्या परसात, न्हाणीच्या भिंतीला एक खुंटी होती, आणि त्या खुंटीवर ती लोखंडी कढई टांगलेली असे.

आजी पंढरीची माळकरीण. गळ्यातली तुळशीची माळ आणि आषाढीची वारी या दोन गोष्टींवर तिच्या आयुष्याचा तोल सांभाळलेला. अंडे हा शब्दही तिच्या तोंडून मी फारसा ऐकला नाही. ती त्याचा उल्लेख 'तुमचं ते' असा करी. माझे काका कापडाच्या एका पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी लिहीत, आणि आठवड्यातून एकदा तरी अंड्याचे झणझणीत कोरड्यास खाल्ल्याविना त्यांच्या मनाची बाकी जुळत नसे. या दोघांमध्ये, मला कळू लागण्यापूर्वीच, एक तहनामा झालेला होता. त्याची कलमे अशी की, कढईने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू नये. तिच्यासाठी चूल निराळी, ती परसात. उलथणे आणि झाकण तिचे तिचे. ती घासावयाची राखही निराळ्या खापरातली. आणि जो करील त्यानेच ती घासून पुन्हा खुंटीवर लावावी, ही तसदी घरातल्या कुठल्याही बाईला पडू नये. हे शेवटचे कलम आजीने मोठ्या दूरदृष्टीने घातले असले पाहिजे, कारण त्यामुळे ज्या काळात पुरुषाने चुलीपाशी बसणे हा चेष्टेचा विषय होता, त्या काळात आमच्या घरातले पुरुष निदान एक पदार्थ तरी शिकले.

स्थळाची हद्द अशी मुक्रर झाल्यावर काळाचीही झाली. सोमवार सिद्धेश्वराचा, म्हणून वर्ज्य. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. एकादशी तर बोलावयासच नको. श्रावण पूर्ण बंद. आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरे आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीला सारे गाव लोटे, त्या दिवसांत कढईकडे पाहण्याचेही धाडस कोणी करीत नसे. काका पेढीवरून येताना पिशवीत, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली गावरान अंडी घेऊन आले की आजी आतूनच विचारी, "आज वार कोणता हाय? पंचांग बघितलंस का?" काका वार सांगत, तिथी सांगत, आणि दोन्ही निर्वेध ठरल्यावर परवाना मिळे.

त्यानंतरचा विधी मी परसातल्या दगडावर बसून पाहत असे, आणि आता स्वतः करतो तेव्हाही त्याच्या क्रमात तिळमात्र फेरफार करीत नाही. प्रथम अंडी पाण्यात सोडून पाहावीत. ताजे अंडे तळाशी आडवे पडते. जसजसे ते शिळे होते तसतशी कवचातून आतील ओल उडून जाते, बोथट टोकाकडची हवेची पोकळी वाढते, आणि अंडे उभे राहू लागते. तरंगले तर ते निमूटपणे दूर करावे. सोलापूरच्या उन्हाळ्यात ही परीक्षा चुकवून चालत नाही. मग कढई चांगली तापवून तीत करडईचे तेल, हात आखडता न घेता, घालावे. मोहरी तडतडली, जिरे फुलले की बारीक चिरलेला कांदा टाकावा आणि तो केवळ पारदर्शक होऊन थांबू न देता त्याच्या कडा तांबूस होईतो परतीत राहावे. त्यावर लसूण, आले आणि भाजलेले सुके खोबरे यांचे वाटण; वाटणाचा कच्चा वास जाऊन तेल कडेने सुटू लागले की एखादे टोमॅटो, चिमूटभर हळद, मीठ; आणि मग, विस्तव थोडा मंद करून, काळे तिखट.

या काळ्या तिखटापाशी थोडे थांबले पाहिजे. चैत्र सरता सरता आजी ते वर्षाचे करून ठेवी. रंगासाठी ब्याडगी आणि जाळासाठी दुसरी तिखट मिरची, धने, तीळ, खसखस, सुके खोबरे, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, दालचिनी, लवंग, मिरी, यांतील एकेक जिन्नस वेगवेगळा, ज्याला जेवढी आच सोसते तेवढ्याच आचेवर, थोड्या तेलात भाजावयाचा. खोबरे आणि धने तर जवळजवळ काळपट होईपर्यंत, परंतु करपू न देता. आणि मग सर्व एकत्र कांडून, चाळून, चिनी मातीच्या बरणीत दाबून, वर हिंगाचे खडे ठेवून दादरा बांधावयाचा. ब्याडगी ही शेजारच्या कर्नाटकातील हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावच्या नावाने ओळखली जाणारी सुरकुतलेली मिरची. ती रंग उदंड देते आणि तिखटपणा बेताचाच. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यात असतो ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून तिखट तेलात पडले तरच त्याची चव सर्व रश्शात सारखी पसरते, आणि वर जो तांबडा तवंग येतो त्यात साऱ्या पदार्थाचे तेज साठते.

तिखट परतले की शेंगदाण्याचे कूट. सोलापूरची शेंगाचटणी देशभर गेली. परंतु दाण्याचे कूट रश्शाला जे अंग आणते, मिरचीचा उग्रपणा न झाकता त्याला जी सभ्यता शिकविते, ती मला चटणीहून मोठी कामगिरी वाटते. नंतर पाणी, आणि तेही उकळते. गार पाण्याने तवंग मोडतो आणि रस्सा खिन्न दिसू लागतो. रस्सा खळखळून उकळला, दाटला की आच अगदी मंद करावी. एकेक अंडे वाटीत फोडून, पिवळे शाबूत आहे हे पाहून, रश्शाच्या पृष्ठभागाजवळ वाटी नेऊन अलगद सोडावे. प्रत्येकाला त्याची जागा द्यावी आणि झाकण ठेवावे. यानंतर उलथणे हाती धरणे हा अपराध आहे. अंड्याचे पांढरे बासष्ट अंश सेल्सियसच्या आसपास गोठू लागते, पिवळे पासष्ट ते सत्तर अंशांच्या दरम्यान घट्ट होते, आणि उकळता रस्सा शंभराच्या जवळपास असतो. तेव्हा खाली खळखळाट ठेवला तर पांढऱ्याचे धागे होऊन रस्सा गढूळतो आणि पिवळ्याचा भुगा होतो, उलट मंद वाफेवर चार-पाच मिनिटे सोडले तर बाहेरून लुसलुशीत, आतून किंचित ओलसर असे अंडे आपल्या तांबड्या अंथरुणावर शांतपणे घडत जाते.

पुढे वाचनातून कळले की ही युक्ती एकट्या आमच्या परसाची मिरासदारी नाही. पारशी मंडळी 'टमाटा पर ईडू' करतात, आणि टोमॅटोच काय, भेंडी, बटाटे, हाती लागेल त्या भाजीवर अंडी फोडून झाकण ठेवतात. ट्युनिसियाच्या बाजूला टोमॅटो-मिरचीच्या रश्शात अंडी सोडून 'शकशुका' होतो. तुर्कस्तानात त्याचा 'मेनेमेन' नावाचा भाऊबंद आहे. मिरची, टोमॅटो आणि भुईमूग ही तिन्ही अमेरिका खंडाची अपत्ये. पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली, त्याआधी आपला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आले यांच्या हवाली होता. परंतु ही वंशावळ कळल्याने काकांच्या कढईविषयीची माझी ममत्वबुद्धी रतिभर कमी झाली नाही. माणसाचे कूळ विचारणाऱ्यांनी निदान मिरचीचे तरी विचारू नये.

या कोरड्यासाला जोड भाकरीची, आणि भाकरी ज्वारीची. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवड होऊन आलेली 'मालदांडी ३५-१' आणि मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल रानात केवळ जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर पिकणारी शाळू यांनी या जिल्ह्याचे पोट पिढ्यान्‌पिढ्या भरले आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ताजी भाकरी असेल तर ती मोडून तवंगात बुडवावी. कडक भाकरी असेल तर ताटात चुरून वर रस्सा ओतावा, ती रस पिऊन घेईतो कच्चा कांदा फोडावा, आणि पिवळे शेवटच्या घासासाठी राखून ठेवावे. आम्ही कढईभोवती गोल करून परसातच बसत असू, कारण ताटांनाही त्या दिवशी आत जाण्याची मुभा नव्हती.

आणि इतक्या वर्षांनंतर या साऱ्या व्यवहाराचा विचार करताना जी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटते, ती ही की, हद्द एवढी कडक असूनही ती एकाच बाजूने कडक होती. कढई आत जात नव्हती. परंतु काळे तिखट बाहेर येत होते, दाण्याचे कूट बाहेर येत होते, वाटण येत होते आणि तव्यावरून उतरलेली गरम भाकरी येत होती. आजी उंबऱ्याच्या आत उभी राहून वाटी पुढे करी, काका बाहेरून ती घेत. जो पदार्थ ती कधी चाखणार नव्हती, ज्याचा वास आला की पदर नाकाशी धरी, त्याची सारी चव तिच्याच हातची होती, आणि रस्सा उकळू लागला की, पाठ फिरवूनच का होईना, ती विचारीत असे, "तिखट पुरलं का रं? आणखी देऊ?" आपल्याला न पटणाऱ्या गोष्टीला घरात एक खुंटी, परसात एक चूल आणि बरणीतला आपला उत्तम मसाला देणे, आणि तरीही आपली माळ तसूभर ढळू न देणे, या वर्तनाला सहिष्णुता हा भारदस्त शब्द तिने कधी लावला नसता. तिच्या लेखी तो घर चालविण्याचा साधा बंदोबस्त होता. पुढे मी सहजीवनावरची अनेक व्याख्याने ऐकली, ज्यांत सर्वांनी एका पंगतीत, एकाच भांड्यातले खाल्ले म्हणजे मने एक होतात असे आग्रहाने सांगितले जाई. ते ऐकताना मला वाटे की, वेगळे भांडे प्रेमाने मान्य करणे ही त्याहून अवघड विद्या आहे, आणि ती शिकलेली माणसे बहुधा व्याख्याने देत नाहीत.

आजी गेली, काका गेले. तहनामा कोणी रद्द केला नाही, तो आपोआप कालबाह्य झाला. परसाच्या जागी आता वाहनतळ आहे. कढई ओट्यावर, गॅसच्या शेगडीवर आली. कूट मिक्सरमध्ये होते, तिखट पाकिटातून येते, आणि पंचांग न पाहता कुठल्याही वारी अर्ध्या तासात सर्व सिद्ध होते. त्यामुळे चव उणावली असे म्हणण्याचा जुन्या माणसांचा मोह मी आवरतो, कारण ते सत्य नाही. अंडे बासष्ट अंशांवर तेव्हाही गोठे, आताही गोठते.

मात्र आमची सून अंडे खात नाही, आणि त्यामुळे एक कलम मी नव्याने लिहिले आहे. रस्सा दाटला, तवंग वर आला, की पहिले अंडे फोडण्यापूर्वी तिच्यापुरता रस्सा निराळ्या पातेलीत काढून ठेवावयाचा. पूर्वी हद्द उंबऱ्यावर होती, आता ती पळीवर आली आहे. आणि हा नवा करारही एकतर्फीच कडक आहे, कारण परवा त्या पातेलीतला रस्सा चाखून सूनबाईंनी, "बाबा, कूट कमी पडलंय," असे स्पष्ट बजावले, आणि माझी वाट न पाहता मूठभर कूट माझ्या कढईतही स्वतःच्या हाताने घातले.