रिवाज कुठला, दीन कुठला

शौहरची नोकरी आम्हाला टोकियोच्या शेजारच्या सैतामा प्रांतात घेऊन गेली. तिथं आम्ही तीन वर्षं राहिलो. जपानमध्ये २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे, त्यामुळे शाळांना सहायक शिक्षक लागतात. माझं बी.एड. आणि शिकवण्याचा अनुभव पाहून एका सरकारी प्राथमिक शाळेत मला काम मिळालं. सोलापुरात उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणारी मी तिथं जपानी मुलांना इंग्रजी शिकवू लागले.

निघताना अम्मीला एकच काळजी होती. "वाँ पानी रैता क्या गे?" म्हणजे संडासात. परदेशात नुसते कागद असतात, हे तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. पहिल्याच आठवड्यात मी तिला फोन करून सांगितलं की, अम्मी, इथं बटण दाबलं की कोमट पाणी येतं. जपानच्या टोटो कंपनीनं १९८० मध्ये असं भांडं बाजारात आणलं आणि आता ते तिथं घरोघरी आहे. अम्मीनं त्याच दिवशी जपानी लोकांना निम्मे मुसलमान ठरवून टाकलं.

तिचं अगदीच चुकलं असं म्हणता येणार नाही. घरात शिरताना चपला बाहेर. शाळेतही दारापाशी बुटांचे कप्पे, आत वापरायचे बूट वेगळे. मैदानाच्या कडेला पाय धुवायचे नळ होते. मुलं तिथं चिखल धुवायची, मी तिथं वजू करायची. आदरानं बसायचं झालं की ते गुडघे दुमडून, टाचांवर बसतात. त्याला 'सेइझा' म्हणतात. नमाजमध्ये आपण अत्तहियात पढायला बसतो, जवळजवळ तसंच. लहानपणापासून मी हे सगळं 'आपलं' म्हणून ओळखत होते. इथं ते अशा लोकांचं होतं, ज्यांचा आपल्या दीनशी काही संबंध नव्हता.

अडचण आली ती झुकण्याची. तास सुरू होताना एक मूल पुकारतं, "किरित्सु!" म्हणजे उभे राहा. मग "रेई!", आणि सगळा वर्ग कमरेत वाकतो. शिक्षकानंही वाकायचं. शिष्टाचार शिकवताना पंधरा, तीस आणि पंचेचाळीस अंश अशी मापंसुद्धा सांगतात. माझ्या मनात मात्र वाकणं म्हणजे रुकू, आणि रुकू फक्त अल्लाहपुढे. पहिल्या रात्री झोप आली नाही. मग नाना आठवले. कुणी मोठं माणूस आलं की ते हात कपाळाशी नेऊन, मान आणि खांदे थोडे पुढे करून 'आदाब' म्हणायचे. त्यांच्या ईमानवर कुणी कधी बोट ठेवलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी छातीवर हात ठेवून नानांइतकीच झुकू लागले. कोन मोजायला कुणी आलं नाही. उलट एक सोय झाली. परक्या पुरुषांशी हात मिळवायचा प्रसंग, ज्याची मला धास्ती होती, तो तीन वर्षांत जवळजवळ आलाच नाही. दोघांनी लांबूनच झुकायचं, झालं.

नमाजसाठी मी उपमुख्याध्यापकांना भेटले. धर्म समजावून सांगायची तयारी करून गेले होते. त्यांनी तीन प्रश्न विचारले. किती मिनिटं? कोणती दिशा? काय काय लागतं? चिठ्ठीवर लिहून घेतलं. तिथून किब्ला वायव्येकडे येतो. दुसऱ्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत वायव्येचा कोपरा रिकामा केलेला होता आणि दारावर 'वापरात आहे' अशी पाटी होती. पुढं तीन वर्षांत त्यांनी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. आपल्याकडे मला 'का?' हा प्रश्न फार वेळा ऐकावा लागला आहे. 'किती मिनिटं?' हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

पण सगळंच इतकं सोपं नव्हतं. जपानी शाळेत सगळे एकच जेवण जेवतात. ही पद्धत १८८९ मध्ये यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी, एका बौद्ध मंदिरातल्या शाळेत गरीब मुलांसाठी सुरू झाली. आता पांढरे एप्रन आणि टोप्या घालून मुलंच वर्गात वाढतात. सगळ्यांना वाढून झालं की एकत्र "इतादाकिमासु" म्हणतात, म्हणजे 'मी हे नम्रपणे स्वीकारतो'. मी मनात बिस्मिल्लाह म्हणायची. दोन्ही एकाच क्षणी व्हायचं.

माझा मात्र डबा असे, कारण कधी डुकराचं मांस, कधी मिरीन नावाची गोड दारू रश्शात असायची. चौथीच्या वर्गात आणखी एकाचा डबा होता. तो इंडोनेशियन मुलगा होता. मुलांनी विचारलं की तो म्हणायचा, "आरेरुगी." ॲलर्जी. त्या शब्दाला तिथं फार मान आहे. अंडं, दूध, गहू अशा पदार्थांची नोंद पाकिटावर असावीच लागते आणि शाळा ॲलर्जीची यादी अगदी डोळ्यांत तेल घालून सांभाळते. ॲलर्जी म्हटलं की पुढं कुणी विचारत नाही. नऊ वर्षांच्या पोरानं आपला दीन लपवायला बरोबर जागा शोधली होती. कुणी त्याला छळत नव्हतं. तरीही चाळीस जणांत वेगळं दिसणं त्याला जड जात होतं. सगळे समान असण्याची ही दुसरी बाजू आहे.

एकदा एका मुलीनं माझ्या डब्याकडे बघून विचारलं, "सेन्सेई, तुम्हालाही ॲलर्जी?" माझं जपानी तोडकंमोडकं. मी म्हटलं, "नाही. याकुसोकु." वचन. "कुणाशी?" "कामिसामाशी." देवाशी. "अच्छा," अशा अर्थाची मान हलवून ती सूप पिऊ लागली. वचन पाळायचं असतं, हे तिला कुणी समजवावं लागलं नाही. तो मुलगा खाली मान घालून ऐकत होता. पुढं कधी तो 'याकुसोकु' म्हणायचा, कधी पुन्हा 'आरेरुगी'. मी त्याला काही म्हटलं नाही. रोज शूर असण्याची सक्ती लहान मुलावर का असावी?

जेवणानंतर सफाई. स्पीकरवर गाणं लागायचं आणि पंधरा मिनिटं सगळी शाळा झाडायला लागायची. जुन्या टॉवेलचे, घरून शिवून आणलेले पोछे घेऊन मुलं ओणवी होऊन फरशीवरून धावायची. संडाससुद्धा मुलंच धुवायची. मुख्याध्यापक पायऱ्या झाडायचे. पाकी म्हणजे निम्मं ईमान, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. आपल्याकडे गाडगेबाबांनी जन्मभर गावं झाडली, त्यांचा फोटो शाळेत लावतो. पण झाडू कुणाच्या हातात द्यायचा, हे जात बघून, बाई की पुरुष बघून ठरतं. आम्ही मुसलमान त्यातून सुटलेले नाही.

परत आल्यावर मी माझ्या वर्गात रोज दहा मिनिटं सफाई सुरू केली, पहिला झाडू माझ्या हातात. चौथ्या दिवशी एका मुलाचे अब्बा आले. "टीचर, पोराला शिकायला पाठवतो, झाडू मारायला नाही." त्यांना मी वर्गातच बसवलं. त्यांच्यासमोर मी झाडलं, मग त्यांच्या पोरानं. ते गप्प निघून गेले. राजी झाले की नाही, माहीत नाही. पोरगा मात्र येतो.

दुसरा प्रश्न शाळा झाडणाऱ्या खालांनी विचारला. "टीचर, मेरा काम जाएगा क्या?" तो मला जास्त लागला. त्यांच्या पगाराला धक्का लागणार नाही, हे मुख्याध्यापकांकडून वदवून घेतलं, मगच सफाई पुढं चालू ठेवली. आता वर्ग मुलं झाडतात, आवार खाला झाडतात. संडास अजून खालाच धुतात. तिथवर पोरांना, त्यांच्या अब्बांना आणि आमच्या स्टाफरूमला न्यायचं आहे. यंदा सुरुवात स्टाफच्या संडासापासून करायची, असं मी मीटिंगमध्ये मांडणार आहे.