गुडघे टेकताना

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मिशिगनला गेलो, पण काम होतं ते फक्त हिला. डिंकाचे लाडू, शेपाचं पाणी, बाळंतविडा, सगळं तिच्याकडे. माझ्या वाट्याला उजव्या गुडघ्याचं दुखणं आणि बेसमेंटमधला सोफा. डेट्रॉईटच्या आसपासच्या घरांना तळघर असतं आणि घरातला मोठा टीव्ही बहुधा तिथेच असतो. रविवारी दुपारी सात वर्षांचा नातू माझा हात धरून मला एकेक पायरी उतरवायचा. खाली गेल्यावर गंभीरपणे सांगायचा, "आबा, आज लायन्स."

२०२२ चा सप्टेंबर होता. 'फुटबॉल' म्हणवणाऱ्या त्या खेळात पाय चेंडूला क्वचितच लागतो, यावर माझे दोन रविवार गेले. मग नातवाने नियम शिकवला. चार संधी, दहा यार्ड. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकलात, तर पुन्हा नव्या चार संधी. नाही सरकलात, तर चेंडू समोरच्यांचा. म्हणून तीन प्रयत्न फसले की बहुतेक संघ चौथ्याला चेंडू लांब लाथाडून मोकळे होतात. दहा यार्ड म्हणजे नऊ मीटर, आमच्या वाड्याच्या दिंडीपासून विहिरीपर्यंतचं अंतर. तेवढ्यासाठी दीड-दीडशे किलोची माणसं एकमेकांवर आदळत होती.

डेट्रॉईटच्या या लायन्स संघाची कुंडली जावयाने सांगितली. तो चाकणमार्गे डेट्रॉईटला पोचलेला मोटारींचा इंजिनियर, त्यामुळे आकडे तोंडपाठ. शेवटचं अजिंक्यपद १९५७ चं. २००८ मध्ये सोळापैकी सोळा सामने हरले. सोळा सामन्यांच्या मोसमात असा पराक्रम त्याआधी कुणी केला नव्हता. बाद फेरीतला शेवटचा विजय जानेवारी १९९२ मधला. तरीही दर थँक्सगिव्हिंगला अख्खा देश टर्की कापता कापता यांचा सामना बघतो, ही प्रथा १९३४ पासूनची. म्हणजे सणाच्या दिवशी, भरल्या घरात, पाहुण्यांसमोर हरायचं! इथल्या लोकांनी त्यावर तीन शब्दांचा सुस्कारा करून ठेवला आहे : 'सेम ओल्ड लायन्स.' शेजारचे आजोबा अंगणातली पानं गोळा करताना तो असा सोडायचे, की आपल्याकडे कुणी 'चालायचंच' म्हणावं.

प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल स्वतः या संघातून खेळून गेलेला, दारासारखा रुंद माणूस. जानेवारी २०२१ मध्ये नेमणूक झाली, तेव्हा पहिल्याच पत्रकार परिषदेत तो म्हणाला होता, की आम्हाला पाडलंत तर उठता उठता तुमच्या गुडघ्याची वाटी चावू. देशभर हसं झालं. पहिल्या मोसमात सतरापैकी तीनच सामने जिंकल्यावर ते आणखी वाढलं. मी मात्र हे ऐकून नकळत स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आता हा त्याचा दुसरा मोसम. फिलाडेल्फियाकडून तीन गुणांनी हरले, मिनेसोटाकडून चार. सिएटलविरुद्ध पंचेचाळीस गुण केले आणि समोरच्यांनी अठ्ठेचाळीस. पुढच्या आठवड्यात न्यू इंग्लंडला भोपळा. मायामीविरुद्ध मध्यंतरापर्यंत दहा गुणांची आघाडी होती, तीही घालवली. सातांत एक विजय. नातू जिना चढताना माझा हात धरायला विसरू लागला. मालकीणबाई शीला फोर्ड हॅम्प यांनी मध्येच पत्रकारांसमोर येऊन कॅम्पबेलवर विश्वास असल्याचं सांगितलं. अशा पाठिंब्यानंतर हकालपट्टीच येते, असं जावयाचं मत.

हकालपट्टी आली नाही. नोव्हेंबरात ग्रीन बे पॅकर्सना १५-९ असं हरवलं. शिकागोला एका गुणाने. मग न्यूयॉर्क जायंट्स. थँक्सगिव्हिंगला बफेलोने अगदी शेवटच्या सेकंदांत घास काढून घेतला, पण या वेळी शेजारच्या आजोबांचा सुस्कारा अर्ध्यावरच थांबला. डिसेंबरात नात जन्मली. त्याच सुमारास मिनेसोटाविरुद्ध मोक्याच्या क्षणी पेनेई स्यूअलने चेंडू झेलला. हा दीडशे किलोचा गडी. दुसऱ्यांसाठी वाट अडवून धरणं हे त्याचं काम. चेंडू त्याच्याकडे येतच नाही. तो झेल घेऊन तो धावला, तेव्हा लग्नात उभ्या जन्मात न नाचलेला मामा नाचावा तसं वाटलं. आता बाद फेरीची भाषा सुरू झाली आणि ख्रिसमसच्या आदल्या दिवशी कॅरोलिनाने यांच्या छाताडावरून तीनशे वीस यार्ड धाव काढली. जिना पुन्हा अवघड झाला.

शेवटचा सामना ८ जानेवारीच्या रात्री, ग्रीन बेच्या मैदानावर. गणित असं : आधीच्या सामन्यात सिएटल हरलं आणि मग आपण जिंकलो, तर आपण आत. सिएटल जादा वेळेत जिंकलं. आपला चेंडू उडायच्या आतच आपला मोसम संपला. उलट आता आपण जिंकलो, तर आत जाणार होतं सिएटल. पॅकर्सना मात्र जिंकलं की प्रवेश पक्का.

"झोप आता," लेक नातवाला म्हणाली. तो हलला नाही. महिन्याची नात रडत होती, म्हणून हिने तिला माझ्या मांडीवर आणून ठेवलं आणि पहिल्यांदा आम्ही पाच जण तळघरात बसलो.

मिळायचं काहीच नाही, अशा वेळी माणसं कशी खेळतात? गीता आठवली, पण ती इथे लागू नव्हती. ही मंडळी निष्काम मुळीच नव्हती. शेजाऱ्याच्या पानातला लाडू उडवायचा, ही कामना चेहऱ्याचेहऱ्यावर दिसत होती. जमाल विल्यम्स तर चार वर्षं पॅकर्सकडूनच खेळलेला. त्याने दोनदा गोलरेषेपार मुसंडी मारली, दुसरी मोसमातली सतरावी. बॅरी सँडर्सचा १९९१ पासूनचा संघातला विक्रम मोडला. केर्बी जोसेफ या नवख्या पोराने अ‍ॅरन रॉजर्ससारख्या दिग्गजाचा चेंडू हवेतच पळवला. २०-१६. मिनिटभर उरलेलं, चौथी संधी, यार्डभर अंतर. कॅम्पबेलने चेंडू लाथाडला नाही. जॅरेड गॉफने तो फेकला, चार्कने झेलला आणि नव्या चार संधी मिळाल्या.

मग गॉफने चेंडू हातात घेतला आणि हलकेच एक गुडघा जमिनीला टेकवला.

मी दचकलो. "हे काय? शरण गेला?"

"नाही आबा," नातू कुजबुजला. "जिंकलेली टीमच असं करते. आता फक्त टाइम संपवायचा."

गुडघे टेकणं याचा एकच अर्थ सत्तर वर्षं माझ्या जिभेवर होता. पडद्यावर तो माणूस पुन्हा गुडघा टेकत होता आणि घड्याळ पळत होतं. सतरापैकी नऊ विजय, आठ पराभव, आणि बाद फेरीत सिएटल.

पुढच्या वर्षी लायन्सनी तीस वर्षांनी गटविजेतेपद मिळवलं, बाद फेरीतही दोन सामने जिंकले आणि सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध मध्यंतराची सतरा गुणांची आघाडी घालवून सुपर बोलच्या दारातून परत आले. पुण्यात पहाटे उठून मी ते फोनवर पाहिलं. पण मनात राहिली आहे ती ग्रीन बेची रात्र. नात मांडीवर झोपली होती. तिला हलवू नये म्हणून मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. मग तिला लेकीच्या हातात दिलं, एक गुडघा गालिच्यावर टेकवला, नातवाचा खांदा धरला आणि उठलो.