उघडझाप

२०२३ च्या सप्टेंबरात सड्यावर सीतेच्या आसवांचे फोटो काढत होतो. चार दिवस लागून राहिलेला पाऊस थांबला होता, लख्ख ऊन होतं, पण वारा असा की ती इवलीशी जांभळी फुलं क्षणभर स्थिर राहीनात. म्हणून शटरचा वेग हजारावर नेला. फोटो काढून मागे पाहतो तर वरचा तिसरा हिस्सा काळा. पुन्हा काढला, पुन्हा काळा. लेन्स काढून पुसली, बॅटरी काढून घातली, कार्ड बदललं. काळी पट्टी जागच्या जागी.

मग खाली कातळावर बसलो आणि एकेक वेग उतरवत गेलो. पाचशेला पट्टी थोडी अरुंद झाली. अडीचशेला एक काळपट सावली उरली. साठला फोटो अगदी नितळ आला. तेव्हा हायसं वाटलं, कारण सेन्सर शाबूत होता. गेलं होतं ते शटर.

अशा कॅमेऱ्यात सेन्सरच्या पुढ्यात पातळ पात्यांचे दोन पडदे असतात. पहिला सरकतो आणि उजेड आत येतो, दुसरा त्याच्या मागोमाग सरकतो आणि उजेड बंद होतो. वेग कमी असेल तर पहिला पूर्ण उघडल्यावरच दुसरा निघतो. वेग वाढवला की दोघं जवळजवळ एकदमच धावतात आणि त्यांच्यामधली एक अरुंद फट सेन्सरवरून झपकन फिरून जाते. पहिला पडदा झिजून मंदावला, की दुसरा त्याला गाठतो आणि तेवढा भाग अंधारात राहतो. माझ्या जातीच्या कॅमेऱ्याचं शटर साधारण एक लाख उघडझापांसाठी बनवलेलं असतं. घरी आल्यावर त्या दिवसाचा फोटो संगणकावर उघडून आत नोंदलेला आकडा पाहिला. एक लाख अठरा हजार चारशे सहा. बिचाऱ्याने कबूल केल्यापेक्षा जास्तच काम केलं होतं.

आता काय करायचं? दुरुस्त करावा की नवा घ्यावा? चौदा वर्षांचा कॅमेरा. कुणालाही विचारलं असतं तर उत्तर एकच मिळालं असतं. पण असा प्रश्न माझ्या आयुष्यात तिसऱ्यांदा आला होता, आणि दुसऱ्या वेळी दिलेलं उत्तर मला अजून सलतं.

पहिल्यांदा तो बाबांपुढे आला होता. आमच्याकडे आगफाचा क्लिक थ्री होता, बडोद्यात बनणारा, काळा, ठोकळ्यासारखा. त्यात १२० चा रोल पडायचा आणि बारा फोटो निघायचे. पाठीवर एक छोटी लाल खिडकी होती. रोलच्या कागदावरचे आकडे तिच्यातून दिसायचे, आणि पुढचा आकडा नीट मधोमध येईपर्यंत हळूहळू चावी फिरवायची. ते काम बाबा मला द्यायचे. वर्षाला दोन रोल, म्हणजे चोवीस फोटो. गणपतीत एक, मे महिन्यात एक.

१९७४ च्या गणपतीचा रोल धुऊन आला तो बाराही फोटोंवर पांढरे ओरखडे घेऊन. आरतीला उभ्या असलेल्या आजीच्या तोंडावरून उजेडाचा एक फराटा गेला होता. आजी पुढच्या होळीपर्यंत राहिली नाही, त्यामुळे घरात तिचा शेवटचा फोटो तोच आहे. बाबा म्हणाले, आता नवा घ्यावा लागेल. पण आळीतल्या स्टुडिओवाल्या काकांनी कॅमेरा हातात घेतला, मागचं झाकण उघडून उजेडाकडे धरला आणि मला जवळ बोलावलं. "बघ, कुठून येतंय ते." झाकणाच्या कडेशी केसाएवढी फट दिसत होती. त्यांनी काळ्या मखमलीची एक बारीक पट्टी कापून त्या खाचेत चिकटवली, झाकण दाबून बसवलं आणि पैसे घेतले नाहीत. तो कॅमेरा नंतर अकरा वर्षं चालला. बिघाड शोधायचा तर कॅमेरा उजेडाकडे धरून बघायचं, हे मी त्या दिवशी शिकलो. आणि तीस वर्षांनी ऐन वेळी विसरलो.

मधली वर्षं पस्तीस मिलिमीटरच्या साध्या कॅमेऱ्याची. शाळेत जीवशास्त्र शिकवू लागलो होतो. पावसाळ्यात सड्यावर जायचो, पण छत्तीसच्या रोलमधले किती फोटो फुलांवर घालवायचे याचा हिशेब मनात सारखा चालू असायचा. सहली, स्नेहसंमेलनं, घरचे वाढदिवस सगळं त्याच छत्तिसांत बसवायचं होतं. वर्षाकाठी फुलांच्या वाट्याला सातआठ फोटो यायचे आणि त्यातले निम्मे हललेले निघायचे.

२००३ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा घेतला. मुठीत मावणारा, बत्तीस लाख बिंदूंचा. त्या पावसाळ्यात सड्यावरच्या एका गेंदाच्या फुलाचे मी चाळीस फोटो काढले आणि रात्री जागून त्यातला एक निवडला. ती चैन काय होती, हे रोल मोजून टाकणाऱ्यालाच कळेल.

२००५ च्या जुलैमध्ये त्याच्या स्क्रीनवर जांभळ्या रेघा आल्या. माणसं पाण्यात पडलेल्या सावलीसारखी वेडीवाकडी दिसू लागली, मग आठवड्याभरात सगळंच काळं. मी तो घेऊन गावातल्या मोठ्या दुकानात गेलो. त्यांनी तो दोनदा चालू-बंद केला आणि सांगितलं, "सर, सेन्सर गेलाय. ह्याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. एक्स्चेंजमध्ये द्या, नवा घ्या." वॉरंटी संपली होती. मी दिला. हजार रुपये कमी करून त्यांनी नवा हातात ठेवला.

त्या हिवाळ्यात एका नियतकालिकात वाचलं, की ऑक्टोबरपासून बऱ्याच कॅमेरा कंपन्या एकामागून एक तोच दोष जाहीर करत होत्या. नावं वेगवेगळी असली तरी आतले सेन्सर एकाच ठिकाणी बनलेले. उष्ण आणि दमट हवेत सेन्सरच्या आवरणात ओल शिरायची आणि आतल्या केसाहून बारीक तारा सांध्यातून सुटायच्या. मग चित्र वाकडं व्हायचं किंवा यायचंच नाही. वॉरंटी संपली असली तरी सेन्सर फुकट बदलून मिळणार होता. यादीत माझं मॉडेल होतं. उष्ण आणि दमट हवा! रत्नागिरीत जुलैमध्ये हवेतला ओलावा नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. इथे कपाटातल्या चपलांना बुरशी येते, लेन्सवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू पसरतात. माझ्या कॅमेऱ्यात काहीच अघटित घडलं नव्हतं. त्याला फक्त थांबायला हवं होतं, आणि मी त्याला तीन महिने दिले नाहीत.

पैशांचं दुःख कालांतराने गेलं. राहिलं ते एवढंच, की काय बिघडलंय हे स्वतः न बघता, दुसऱ्याच्या एका वाक्यावर मी चांगली वस्तू टाकून दिली.

२००९ मध्ये सहाव्या वेतन आयोगाने पगार वाढला तेव्हा हा डीएसएलआर आला. त्याच वर्षी विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांना १९६९ मध्ये लावलेल्या सीसीडी सेन्सरच्या शोधासाठी नोबेल मिळालं, ते मी वर्गात कॅमेरा दाखवत सांगितल्याचं आठवतं. कॅमेऱ्याबरोबर एक जुनी मॅक्रो लेन्स घेतली. करंगळीच्या नखाएवढं फूल सेन्सरवर तेवढंच उतरवणारी, आणि कॅमेऱ्याच्या अंगातल्या मोटरवर फोकस होणारी.

इथून या कॅमेऱ्याचं खरं आयुष्य सुरू होतं. दर वर्षी त्याच सड्यावर, त्याच जागी, पहिल्या पावसापासून ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी जायचं असं मी ठरवलं आणि पाळलं. जांभ्याच्या कातळावर वीतभरसुद्धा माती नसते, कुठे कुठे तर बोटभर. मे महिन्यात तिथे पाय भाजतात आणि जूनमध्ये त्याच खळग्यांत पाणी साचून एक वेगळं जग उभं राहतं. आधी दीपकाडी येते, कोकणच्या कातळावर वाढणारी पांढरी देखणी फुलं, थोडेच दिवस. मग दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या चिकट पानांवर बारके किडे अडकलेले दिसतात. मग गेंद, मग सीतेची आसवं, पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना मुळांसारख्या तंतूंवरच्या पिशव्यांत ओढून घेणारी आणि वर असं निरागस फूल धरणारी. डिजिटल फोटोबरोबर दिवस आणि वेळ आपोआप नोंदली जाते, त्यामुळे कोणतं फूल कोणत्या वर्षी कधी आलं याची वही न लिहिता तयार होत गेली. २०११ मध्ये मी जिथे गुडघे टेकून दीपकाडीचे फोटो काढले, तो तुकडा २०१८ मध्ये सुरुंग लावून सपाट केला गेला. आज तिथे हापूसची कलमं आहेत. कलमं लावणाऱ्याला मी दोष देत नाही, त्याच्या मुलीला मीच शिकवलंय. पण तिथे काय फुलत होतं, याचा पुरावा माझ्याकडच्या चित्रांखेरीज दुसरा नाही.

तर तो कॅमेरा बंद पडला. पुण्यातला एक जुना विद्यार्थी दिवाळीत येऊन म्हणाला, "सर, आता मिररलेस घ्या. ह्याच्यात पैसे घालू नका." आणि त्याने स्वतःचा कॅमेरा चार दिवस माझ्याकडे ठेवला. तो कॅमेरा चांगला होता, खरोखर चांगला. ढगाळ उजेडात माझ्या कॅमेऱ्याला जे कण कण दिसायचं, ते त्याला स्वच्छ दिसत होतं. हात हलला तरी तो आतून सावरत होता. आवाज न करता फोटो काढत होता, त्यामुळे फुलावरचा किडा उडत नव्हता. पण माझी मॅक्रो लेन्स त्यावर अॅडॅप्टर लावून बसवली की फोकस हाताने करावा लागायचा, कारण ती फिरवणारी मोटर ना अॅडॅप्टरात होती ना कॅमेऱ्यात. म्हणजे लेन्सही नवी. दोन्हींचा खर्च निवृत्तिवेतनाच्या कित्येक महिन्यांचा. बायको म्हणाली, "घ्यायचा तर घ्या, मी नाही म्हणणार नाही." ती तसं म्हणाली म्हणून जास्त विचार करावासा वाटला.

मी स्वतःला एकच विचारलं: या चौदा वर्षांत मला हवा असलेला कोणता फोटो या कॅमेऱ्यामुळे मिळाला नाही? बरेच मिळाले नाहीत. पण ते पावसामुळे, माझ्या गुडघ्यांमुळे, किंवा रविवारी उशिरा उठल्यामुळे. कॅमेऱ्यामुळे चुकलेले हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच निघाले. उजेड कमी असला तर मी तिपाई लावतो. माझ्या फुलांना पळून जायचं नसतं. कमी होतं ते एक शटर.

कंपनीच्या सेवाकेंद्राने कळवलं, की या मॉडेलचे सुटे भाग आता येत नाहीत. यात नवल नाही. जपानच्या कॅमेरा उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले आणि २०२३ मध्ये पाऊण कोटीच्या आसपास. बाकीचं सगळं फोनने घेतलं. नवे कॅमेरेच इतके आटले, तिथे जुन्यांचे भाग कोण साठवून ठेवणार? पण त्याचा अर्थ असाही होतो, की बारा कोटींच्या काळातले कितीतरी कॅमेरे अजून कपाटांत पडून आहेत, आणि त्यांतल्या मेलेल्यांत काही ना काही जिवंत असणार.

एप्रिलमध्ये कोकणकन्येने मुंबईला गेलो. फोर्टात बोरा बाजारात एका जिन्यावरच्या खोलीत पन्नाशीचे एक कारागीर बसतात. मी बिघाड सांगू लागलो तर त्यांनी हात वर केला, लेन्स काढून कॅमेरा दिव्याकडे धरला आणि वेग वाढवत पाचसहा वेळा बटण दाबलं. मला स्टुडिओवाले काकाच आठवले. "पहिला पडदा," ते म्हणाले. "बोर्ड ठीक आहे, आरसा ठीक आहे. चांगला ठेवलाय." मग खालच्या खणातून त्याच मॉडेलचा एक डेड सेट काढला. लग्नाचे फोटो काढणाऱ्या कुणाचा तरी, पाण्यात पडलेला. बोर्ड गंजून गेला होता, शटर मात्र जेमतेम नऊ हजार वेळा चाललेलं. साडेसहा हजार रुपये, तीन दिवस.

"एवढ्या पैशांत थोडे घालून असा अख्खा सेकंडहँड मिळेल," त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मी म्हटलं, त्याच्या पोटात काय आहे ते मला माहीत नाही. याच्या पोटात काय आहे ते आता तुम्ही आणि मी दोघंही जाणतो.

चौथ्या दिवशी कॅमेरा घेतला. खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या कबुतरांचा हजारच्या वेगाने एक फोटो काढला. कडेपासून कडेपर्यंत पूर्ण आला. शटर बदललं तरी मोजणी कॅमेऱ्याच्या बोर्डात असते, त्यामुळे आकडा मागचाच पुढे चालू राहिला.

१६ जून २०२४ ला रविवार होता. सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी सड्यावर त्या वर्षीची पहिली दीपकाडी मिळाली. फोटोचा आकडा एक लाख अठरा हजार सातशे एकतीस.